मागून हॉर्न दिला आणि घोडा बुजला

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या फलटण तालुक्यातल्या. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेल्या, गेल्या वर्षी तिथला वाहन परवाना काढला, आणि आता रोज सकाळी सात वर्षांच्या मुलीला शाळेत सोडून स्वतः कामाला जातात. दोन महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर त्यांच्यापुढे दोन घोडेस्वार शेजारी शेजारी चालले होते. एक मध्यमवयीन बाई, दुसरी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. चार-पाच मिनिटं मागे राहिल्यावर ताईंनी "मी मागे आहे, एवढंच कळावं म्हणून" हॉर्नला हलकेच बोट लावलं. मुलीचा घोडा बुजून आडवा झाला आणि ती पडता पडता वाचली. बाईंनी वळून आरडाओरडा केला. ताई घाबरून तशाच पुढे निघून गेल्या आणि मागच्या सीटवर लेक रडायला लागली. तेव्हापासून त्या वीस मिनिटांचा वळसा घालून मोठ्या रस्त्याने जातात. त्या बाई गावातल्या दुकानात दिसल्या की ताई दारातूनच परत फिरतात. त्या विचारतात: "रस्ता गाड्यांचा, मग दोन-दोन घोडे लावून तो अडवायचा हक्क यांना कुणी दिला? कामावरची मैत्रीण म्हणते, हे पैसेवाल्यांचे शौक आहेत. गाडीत गोरी बाई असती तर त्या एवढ्या ओरडल्या असत्या का? आणि माफी कुणी कुणाची मागायची?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला आधी खंबाटकी घाट आठवला. वळणावर हॉर्न द्या, असं सांगणाऱ्या पाट्यांच्या रस्त्यांवर आपण गाडी शिकलो. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' वाचत मोठे झालो. आपल्याकडे हॉर्न ही शिवी नसते. "जरा बघा हं, मी येतेय," असं तो म्हणतो, आणि न वाजवणाराच बेफिकीर ठरतो. तुम्ही त्या सकाळी अदबीनेच वागलात याबद्दल मला शंका नाही. फक्त ती अदब घोड्याला समजणारी नव्हती. तुमच्या हातून चूक झाली, पण वाईट बुद्धीने झाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर तुमचे निम्मे प्रश्न हलके होतील.

त्या घोड्याला काय झालं ते आधी बघू.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, बुजणं. उधळणं त्याच्या पुढचं. बैल, घोडा, शेळी, कुणीही बुजतं. त्यात खोडी नसते. घोड्याचा जीव पिढ्यान् पिढ्या पळूनच वाचत आला. त्यामुळे मागून अनोळखी आवाज आला की आधी उडी मारायची आणि मग तो कशाचा ते बघायचं, हे त्याच्या अंगातच आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आपल्याकडे टांग्याच्या घोड्याला झापडं लावायचे ते मागची वर्दळ दिसून तो बिथरू नये म्हणून. स्वारीच्या घोड्याला एरवी झापडं नसतात, त्याला कडेचं सगळं दिसतं. तुम्ही होतात बरोबर त्याच्या न दिसणाऱ्या पट्ट्यात. तुमची गाडी त्याला नुसती ऐकू येत होती, आणि त्यात एकदम कर्कश आवाज झाला. साधारण पाचशे किलोचं ते जनावर हातभर बाजूला उडालं, तर वर बसलेल्या मुलीच्या हातात लगामाच्या दोन पट्ट्यांपलीकडे काय असतं?

तुम्ही म्हणाल, मग अशी बुजरी जनावरं रस्त्यावर आणायचीच कशाला? तुम्ही फलटणच्या आहात, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण तुम्ही पाहिलंच असेल. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या मधून माऊलींचा अश्व दौडत जातो आणि बुजत नाही. तो वेगळ्या रक्ताचा असतो म्हणून नाही. त्याला त्या गर्दीची, त्या आवाजाची सवय झालेली असते. सवय व्हायला त्या आवाजात जावंच लागतं. इंग्लंडमधल्या तरुण घोड्यालाही गाड्यांची सवय रस्त्यावरच लावावी लागते, आणि म्हणून त्याच्या शेजारी एक जुना, शांत घोडा चालवतात. पत्रात तुम्ही 'एक बाई आणि एक मुलगी' लिहिलं आहे. मला वाटतं, बाईंचा घोडा जाणता असावा आणि मुलीचा नवखा. किंवा मुलगीच नवखी असेल. बाई मुद्दाम तिच्या बाजूला राहिल्या असतील, गाडी आणि मुलगी यांच्यामध्ये भिंत होऊन.

आता हक्काचं. रस्ता गाड्यांचा, हे तुम्ही इतक्या सहज लिहिलं आहे की तुम्हाला ते गृहीतक वाटलंही नसेल. तिथले ते गल्लीसारखे रस्ते, दोन्हीकडे दगडी भिंती नाहीतर उंच कुंपणझाडं, मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. ते घोड्यांच्या, गुरांच्या आणि बैलगाड्यांच्या पायांनी पडले. पण इतिहास बाजूला ठेवू, आजचा कायदाही तुमच्या समजुतीच्या बाजूने नाही. घोडेस्वाराला सार्वजनिक रस्त्यावर चालण्याचा हक्क आहे. ज्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्व २९ जानेवारी २०२२ पासून तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, स्पष्ट लिहिलं आहे. त्याच बदलात घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैलांच्या आत, म्हणजे साधारण १६ किलोमीटरच्या आत, आणि बाजूचं अंतर किमान २ मीटर, हेही आलं. जनावरांना हॉर्नने, इंजिनाच्या घरघराटाने किंवा पुढे गेल्याबरोबर जोरात वेग घेऊन घाबरवू नये, असंही कोड सांगतं. परवान्याच्या थिअरी परीक्षेसाठी तुम्ही हे वाचलं असेल. पाठ केलेलं आयत्या वेळी हाताशी येत नाही, हाताची जुनी सवय आधी येते. माझंही तसंच झालं होतं. तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी मी एका घोड्याला छान हळू, लांबून ओलांडलं आणि पुढे जाताच गाडी जोरात दामटली. आरशात पाहिलं तर घोडा जागेवर गरगर फिरत होता. त्याच्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो.

हे १० मैल आणि २ मीटर म्हणजे 'असं करावं' या स्वरूपाची सूचना आहे. ती पाळली नाही एवढ्यावरून थेट दंड होत नाही. पण अपघात झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर दोष ठरवताना हीच सूचना पुढे ठेवली जाते.

दोन घोडे शेजारी चालवण्याबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी झाकणार नाही. दोघांनी शेजारून जायला परवानगी आहे, दोनाहून जास्त नाही. पण अरुंद किंवा वर्दळीच्या रस्त्यावर आणि वळणावर एकामागे एक जावं, असं तोच कोड स्वारांनाही सांगतो. त्याच पुस्तकात चालकांनाही सांगितलं आहे की नवखा घोडा किंवा नवखा स्वार सोबत असला तर ते बहुधा जोडीने चाललेले दिसतील. म्हणजे त्या बाईंनी काही गुन्हा केला नव्हता, आणि रस्ता रुंद झाल्यावर त्यांनी तुम्हाला वाट करून देणं अपेक्षितच होतं. पण जरा मापं घालून बघा. तुमची गाडी आरशांसकट दोन मीटरच्या आसपास, मध्ये मोकळे दोन मीटर, आणि घोडा जवळपास एक मीटर. झाले पाच. तुम्ही लिहिता तो रस्ता जेमतेम साडेतीन मीटरचा असेल. ते दोघं एकामागे एक असते तरी तुम्हाला दोन मीटर सोडून तिथून जाता आलं नसतं. तुमचा रस्ता त्यांच्या जोडीने अडवला नव्हता, भिंतींनी अडवला होता.

आणि पैसेवाल्यांचे शौक? काही घोडे तसे असतातही. चेल्टनमसारख्या शर्यतींच्या गावाच्या आसपास राहून तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तिथे माझ्या शेजारी एक नर्स राहायची. रात्रपाळी संपली की घरी न जाता आधी तबेल्यात जायची. तिथली जागा भाड्याची, शेणही स्वतःच उचलायची, आणि उजाडल्यावर तासभर घोडा फिरवून मग झोपायची. ती रस्त्यावर हौसेने यायची नाही. घोड्यांना मोकळे असलेले शेतातले हक्काचे मार्ग तिथे सलग नाहीत. इंग्लंडमधल्या पायवाटांच्या जाळ्यातला जेमतेम पाचवा हिस्सा घोड्यांसाठी खुला आहे. एक मार्ग संपतो, मग अर्धा मैल डांबरी रस्ता, मग दुसरा सुरू होतो. तो अर्धा मैल तिला सगळ्यात जास्त धाकधुकीचा वाटायचा. तुम्हाला भेटलेल्या दोघी बहुधा अशाच अर्ध्या मैलावर होत्या.

आता तुमचा सगळ्यात दुखरा प्रश्न, गोऱ्या बाईचा. परक्या देशात, परक्या कातडीत राहताना अशी शंका मनात येते ती उगाच येत नाही, आणि मी तिला हसणार नाही. असे अनुभव आपल्या माणसांना येतात. त्या बाई तुमच्या रंगाबद्दल किंवा देशाबद्दल काही बोलल्या असत्या, तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं नसतं. पण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की काचा बंद होत्या आणि शब्द नीट कळले नाहीत, नुसता चेहरा दिसला. तो चेहरा तुम्ही रागाचा वाचलात. मला तो भीतीचा वाटतो. घटकाभर तुम्ही त्यांच्या जागी बसून बघा. शेजारची मुलगी, कदाचित पोटची, खोगिरावरून निसटतेय, खाली डांबर आणि मागे गाडी. तुमची लेक रस्त्यावर सायकलवरून अशी कलली असती तर तुमच्या तोंडून तरी काय आलं असतं? काचेपलीकडे कोण बसलंय हे बघायला त्यांना सवड झाली नसावी. भ्यालेली आई ओरडते तशा त्या ओरडल्या. हा माझा अंदाज आहे, खात्री नाही. पण तुमचाही अंदाजच आहे, आणि दोन महिने रोजचा वळसा त्याच अंदाजावर चालला आहे.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्यांदा त्या रस्त्यावर पायी गेले असते. रविवारी मुलीला आणि नवऱ्याला घेऊन जा. कुठे शेताचं फाटक आत आहे, कुठे रस्ता फुगतो, कुठलं वळण आंधळं आहे, हे गाडीतून कळत नाही, पायांना कळतं. पुढे कधी घोड्यामागे अडकलात तर पुढच्या फाटकापर्यंतच मागे राहायचंय हे ठाऊक असलं की जीव कमी कासावीस होतो. चालणारा घोडा ताशी चारेक मैल जातो, अर्ध्या मैलाला सात-आठ मिनिटं. शाळेला निघताना दहा मिनिटं हाताशी ठेवलीत तरी तुमचा वीस मिनिटांचा वळसा सुटतो.

गाडीतून घोडा दिसला की पाय आधी वेगावरून काढा. गाणी बंद करा, लेकीलाही सांगून ठेवा की घोडा दिसला म्हणून काच खाली करून हाका मारायच्या नाहीत. मागे पुरेसं अंतर ठेवा, अगदी शेपटीला चिकटू नका. तुमची गाडी विजेची असेल तर आणखी जपा, कारण ती अगदी जवळ येईपर्यंत घोड्याला कळतच नाही. घोड्याच्या कानांकडे बघायला शिका. एक कान तुमच्याकडे वळला तर त्याला तुमची चाहूल लागली आहे. मान ताठ, कान टवकारलेले, पावलं तिरकी पडायला लागली, तर तिथेच थांबा, तो शांत होईपर्यंत. कधी कधी स्वार घोड्याचं तोंड तुमच्याकडे करून त्याला रस्त्यात आडवा उभा करतो. रस्ता अडवायचा म्हणून नाही, मागचं भूत त्याला डोळ्यांनी दिसावं म्हणून. एकदा गाडी दिसली की बहुतेक घोडे निवळतात. स्वाराने हात बाजूला लांब करून सावकाश वरखाली केला तर हळू व्हा, तळवा उभा धरला तर थांबा. आणि तुम्ही नीट वागूनही त्याने हात उंचावून आभार मानले नाहीत, तर मनाला लावून घेऊ नका. दोन्ही हात लगामाला लागलेले असतात तेव्हा नुसती मान हलते.

ओलांडायचं ते सरळ, मोकळ्या रस्त्यावरच, आणि पुढे गेल्यावरही बरंच अंतर तसंच हळू. समोरून घोडा आला तरी हेच सगळं लागू. चौकातल्या गोलाकार वळणावर घोडेस्वार उजवीकडे वळायचं असलं तरी डाव्या कडेनेच जातो, हे आपल्याला फसवतं, तेव्हा त्याच्या आत घुसू नका.

देव न करो, पण कधी घोड्याला किंवा स्वाराला इजा झालीच, तर तसंच पुढे निघून जायचं नाही. तिथल्या कायद्यात घोडा जखमी झाला तरी थांबून नाव-पत्ता देणं बंधनकारक आहे, देता आला नाही तर पोलिसांना कळवायला लागतं. सुटलेल्या घोड्यामागे गाडी घालू नका. समोरून येणाऱ्यांना सावध करा आणि ९९९ ला फोन लावा. त्या दिवशी तुम्ही थांबला नाहीत, हे मला सगळ्या पत्रात जास्त टोचलं. मुलगी पडली नाही हे तुम्ही आरशात पाहिलंत, ठीक. पण घोड्याचा पाय मुरगळला नाही ना, हे तुम्हाला आजही माहीत नाही. दुकानाच्या दारातून तुम्ही परत फिरता ते मला वाटतं त्या बाईंच्या धाकाने नाही, या न विचारलेल्या प्रश्नाने.

सायकलवाल्या वाचकांनी घोड्यामागून आवाज न करता कधीच जाऊ नये. लांबूनच माणसाच्या आवाजात "हॅलो, मागून येतोय" म्हणावं. घंटीपेक्षा माणसाचा आवाज घोड्याच्या ओळखीचा असतो. माथेरानला जाणाऱ्यांनीही हे वाचावं. तिथे मोटारी नाहीत आणि तांबड्या मातीच्या वाटांवर घोडे आणि माणसं खेटून चालतात. घोड्याच्या मागे फोटोला उभं राहू नका आणि त्याच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडू नका.

ताई, लोणंदच्या रस्त्यावर धनगरांची खिल्लारं तुम्ही लहानपणापासून पाहिली असतील. पुढे मेंढ्या, मागे बिऱ्हाड लादलेला घोडा, त्यावर बांधलेली कोकरं, कधी लहान पोरगंही. तेव्हा आपण एसटीत बसून निवांत वाट बघायचो, मेंढ्या कडेला होईपर्यंत. रस्ता अडवायचा हक्क यांना कुणी दिला, असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ती माणसं आपली होती आणि त्यांचं तिथे असणं आपल्याला समजत होतं. त्या दोघी तुम्हाला अजून परक्या आहेत, इतकाच फरक आहे.

माफी कुणी मागायची? तुम्ही मागा, आणि तीही फक्त तुमच्या वाट्याची. "त्या दिवशी हॉर्न मी वाजवला. आमच्याकडे तो सावध करायला वाजवतात, घोडा घाबरेल हे माझ्या लक्षात आलं नाही. मी थांबायला हवं होतं. तुमची मुलगी आणि घोडा बरे आहेत ना?" एवढंच, त्यांच्या इंग्रजीत, आरशासमोर एकदा म्हणून बघा. ओरडल्याबद्दल त्या काही म्हणतील किंवा म्हणणार नाहीत, त्याची वाट बघत बोलू नका. त्या तुटक वागल्या तरी तुमचा रस्ता तुम्हाला परत मिळेल, दुकानही. आणि नीट बोलल्या, तर घोड्याला जवळून बघायला आलं तर चालेल का, असं विचारा. लेकीला बरोबर न्या. तिनेही तो घोडा उडालेला पाहिला आहे, तिच्या मनात तो अजून तसाच आडवा उभा असणार. त्याचं नाव काय, तो काय खातो, त्याला कशाची भीती वाटते, हे तिलाच विचारू द्या.